रापणीचा वाटा

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

माझे आजोळ समुद्रकाठी आहे हे कळले, की वर्गातले मित्र पहिला प्रश्न विचारतात, "येताना मासे आणलेस का?" दुसरा प्रश्न कोणी विचारीत नाही. ते मासे किनाऱ्यावर येतात कसे आणि त्यांचे पैसे कोणाकोणाच्या हाती जातात, हा तो दुसरा प्रश्न. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने खरे तर तोच आधी विचारायला हवा. पण मीही वीस वर्षांचा होईपर्यंत तो विचारला नव्हता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मामांनी माझ्यापुढे एक जाड वही आणून ठेवली, तेव्हा तो विचारणे भाग पडले. त्या वहीची हकीकत पुढे येईलच. आधी गावाची ओळख करून देतो.

बेळगावहून शिनोळीवरून चंदगड तालुका ओलांडून आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी लागते आणि तिथून पुढे वेंगुर्ले. हा रस्ता फार जुना आहे. मुरगाव बंदराकडे जाणारी रेल्वे १८८० नंतरच्या दशकात सुरू झाली. तोपर्यंत बेळगाव भागातला बराच माल याच वाटेने बैलगाड्यांतून वेंगुर्ले बंदरात उतरत असे. माझी आई लग्न होऊन याच वाटेने घाटावर आली. तिचे माहेर वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला, शिरोड्याच्या बाजूला. शिरोडे म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्यांना वि. स. खांडेकर आठवतात, इतिहासाच्या विद्यार्थ्यांना १९३० चा मिठाचा सत्याग्रह आठवतो. जवळच्या आरवलीचे नाव काढले की जयवंत दळवी आठवतात आणि वेतोबाला वाहिलेल्या भल्यामोठ्या चपला आठवतात. आमच्या वाडीला असे सांगण्यासारखे काही नाही. तिथे शंभरेक घरे, माड, एक शाळा, एक दुकान, एक देऊळ आहे. आणि एक रापण आहे.

रापण म्हणजे काय?

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. ते एकसंध नसते. अनेक तुकडे एकमेकांना शिवून ते तयार होते आणि पुरे पसरले तर काही शे मीटर लांब भरते. वरच्या काठाला तरंगणारे तुकडे बांधलेले असतात, खालच्या काठाला वजने असतात. त्यामुळे पाण्यात जाळ्याची उभी भिंत तयार होते. मधोमध मोठी खोळ असते आणि दोन्ही टोकांना जाड दोर. पूर्वी जाळी सुताची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढीत. आता सगळे नायलॉनचे आहे.

जाळे टाकण्याची रीत अशी. एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती देऊन होडी निघते. ती समुद्रात अर्धवर्तुळ काढीत जाते आणि जाता जाता जाळे पाण्यात सोडीत राहते. मग बऱ्याच अंतरावर ती पुन्हा किनाऱ्याला लागते आणि दुसऱ्या टोकाचा दोर दुसऱ्या रांगेच्या हाती देते. आता दोन्ही रांगा पाठीमागे रेलून, पाय वाळूत रोवून ओढू लागतात. ओढता ओढता त्या एकमेकींच्या जवळ सरकतात. शेवटचा माणूस माडांपाशी पोचला की दोर सोडून पुन्हा पाण्यापाशी येतो आणि पुढचा दोर धरतो. दोन-तीन तास असे चालते. शेवटी दोन्ही रांगा जवळजवळ एक होतात, खोळ उथळ पाण्यात येते आणि आतली मासळी उड्या मारताना दिसते. त्या वेळी वाडीतला कुत्रासुद्धा घरी नसतो.

हे जाळे कुठेही आणि केव्हाही टाकता येत नाही. तळ वाळूचा आणि सपाट लागतो. खडक असला तर जाळे फाटते. शिवाय मासा स्वतः किनाऱ्याजवळ यावा लागतो. पावसाळ्यात खोल समुद्रातले थंड आणि सकस पाणी वर येते, नद्यांचे पाणी त्याला मिळते आणि समुद्रात सूक्ष्म वनस्पतींचे पीक येते. ते खाण्यासाठी पावसाळ्यानंतर तारली आणि बांगडा थव्यांनी किनाऱ्याकडे सरकतात. म्हणून नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, दर्या थोडा निवळला, की रापणीचे दिवस सुरू होतात. ट्रॉलरवाला मासळीच्या मागे जातो, रापणकार मासळीची वाट पाहतो. हा फरक लक्षात ठेवावा, पुढच्या साऱ्या गोष्टी त्यावरच उभ्या आहेत.

वाट पाहणे हेही काम आहे. आमच्या वाडीत एक आजोबा आहेत. त्यांच्या गुडघ्यांत आता दोर ओढण्याची ताकद नाही. ते पहाटे माडाखाली येऊन बसतात आणि पाणी बघतात. पाण्याचा रंग एखाद्या ठिकाणी काळसर झाला, वाऱ्याविना तरंग उठले, पक्षी एकाच जागी घिरट्या घालू लागले, की ते ओळखतात. त्यांनी "मासो इलो!" म्हणून आवाज दिला की पाच मिनिटांत होडीपाशी माणसे जमतात. मी त्यांच्या शेजारी दोन सकाळी बसलो. मला फक्त समुद्र दिसला.

वाळूवरचे वर्तमानपत्र

आमच्या वाडीत वर्तमानपत्र दुपारी येते, पण बातमी सकाळीच कळलेली असते. कारण दोर ओढताना हात गुंतलेले असले तरी तोंड मोकळे असते. कोणाचा मुलगा मुंबईहून आला, कोणाचा माड घरावर पडला, सावंतवाडीच्या एस. टी. ची वेळ बदलली, यंदा जत्रेला कोणत्या मंडळाचे दशावतारी नाटक ठरले, शाळेत मास्तर कमी झाले, सोसायटीत तांदूळ आला की नाही, हे सारे दोरावर कळते.

यात एक गंमत आहे. रांगा दोन असल्यामुळे सुरुवातीला बातमीच्याही दोन आवृत्त्या असतात. उत्तरेकडच्या रांगेत एखाद्याचे लग्न ठरलेले असते, तेच दक्षिणेकडच्या रांगेत मोडलेले असते. जाळे जसजसे आत येते तसतशा रांगा जवळ येतात आणि खोळ वर येईपर्यंत दोन्ही आवृत्त्यांचा मेळ बसतो. आमच्या लेखाशास्त्रात बँकेचे पासबुक आणि आपली रोकडवही यांचा मेळ घालायला शिकवतात. आजोळी तो रोज घातला जातो, पण त्याला तक्ता लागत नाही.

बातमीला तिथे किंमतही आहे. वेंगुर्ल्याला बांगड्याचा भाव काय निघाला, गोव्याचा व्यापारी येणार की नाही, उद्या वारा कोणत्या दिशेचा, यावर त्या दिवसाचे उत्पन्न ठरते. हवामानाचा अंदाज आता मोबाईलवर येतो. तो आला की मामा मोठ्याने वाचतात आणि मग सगळे जण माडाखालच्या आजोबांकडे बघतात. दोघांचे एकमत झाले तर होडी निघते. वाडीत कोणाचे निधन झाले असेल, तर मात्र मासा दारात आला तरी त्या दिवशी जाळे पाण्यात जात नाही.

वाट्याचा हिशेब

मासळी वर आली की आधी जेवणापुरती बाजूला निघते. दोराला हात लावलेल्या प्रत्येकाला, अगदी पोहायला आलेल्या पोरालासुद्धा, कालवणापुरते मासे मिळतात. मग उरलेल्या मासळीचा लिलाव होतो. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार विकणाऱ्या बायका, टेम्पोवाले आणि एखादा मोठा व्यापारी बोली लावतात. खपली नाही ती मासळी मीठ लावून वाळवतात. बेळगावच्या बाजारात आपण सुका बांगडा घेतो, त्यातला काही याच किनाऱ्यावरून घाट चढून आलेला असतो.

आता पैशांकडे वळू. प्रत्येक रापण संघाची रीत थोडी वेगळी असते. मी माझ्या मामांच्या संघाची सांगतो. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, लिलावात २४,००० रुपये आले. त्यातून होडीच्या इंजिनाचे तेल, चहा, किरकोळ दुरुस्ती असे १,५०० रुपये आधी वजा होतात. राहिले २२,५००. यातला एक तृतीयांश, म्हणजे ७,५०० रुपये, जाळ्याचा आणि होडीचा वाटा. उरलेल्या १५,००० चे माणसांत वाटे पडतात.

ओढणारे चाळीस जण असतील तर त्यांचे चाळीस वाटे. तांडेल, म्हणजे होडीचा आणि जाळ्याचा प्रमुख, त्याचे दोन. होडीत जाणाऱ्या चौघांना धोक्याचे काम म्हणून प्रत्येकी अर्धा वाटा जास्त, म्हणजे आणखी दोन. पाणी बघणारे आजोबा आणि आयुष्यभर ओढून आता थकलेले दोघे, यांचे तीन. आणि ज्या सहा घरांतला ओढणारा पुरुष वारला आहे त्या घरांना प्रत्येकी अर्धा, म्हणजे तीन. एकूण वाटे पन्नास. एका वाट्याला ३०० रुपये.

आपल्याला भागीदारीचा १९३२ चा कायदा अभ्यासाला आहे. सर्वांनी मिळून किंवा सर्वांच्या वतीने काहींनी चालवलेल्या धंद्याचा नफा वाटून घेण्याचा करार म्हणजे भागीदारी, असे त्यात म्हटले आहे. वेगळा करार नसेल तर भागीदारांचा हिस्सा समान, असेही त्यात आहे. मामांच्या संघात लेखी करार कधी झालाच नाही. तरी कोणाचा वाटा किती याबद्दल लहान मुलालासुद्धा शंका नसते. कारण वाटे वाळूवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडतात.

जाड वही

मामा संघाचा जमाखर्च लिहितात. दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी अकरा हंगामांची वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "तुझ्या कॉलेजात शिकवतत ना हिशोब? मगे ह्यो बघ. चार दिवसांनी बैठक आसा." बैठकीपुढे एकच विषय होता. जाळे आणि होडी विकून संघ मोडावा काय?

कारणे वहीत नसली तरी समोर दिसत होती. जाळे जागोजागी विरले होते आणि नवे घेण्याइतके पैसे नव्हते. ओढायला माणसे कमी पडत होती. वाडीतली तरुण मुले सकाळच्या गाडीने गोव्यात कामाला जातात. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून आणखी काही जण तिकडे लागले. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेला पगार मिळत असेल, तर रोज मासळीची वाट कोण पाहणार? त्यांना दोष देता येत नाही. मीही सी. ए. व्हायची स्वप्ने पाहतोच.

दोन रात्री बसून मी वही उलगडली. पहिल्या रात्री मला एक 'चूक' सापडली आणि माझी छाती फुगली. पन्नास वाट्यांपैकी सहा वाटे दोराला हात न लावणाऱ्यांना जात होते! ते काढले तर वाटे राहतात चव्वेचाळीस. मग वर सांगितलेल्या उदाहरणात एका वाट्याला ३०० ऐवजी जवळजवळ ३४१ रुपये पडतील. मी हे मोठ्या ऐटीत मामांना सांगितले. मामा गप्प राहिले. आजी चुलीपाशी होती, तिने ऐकले.

ती म्हणाली, "ओढणाऱ्याक वाटो, तसो बघणाऱ्याकय वाटो. त्येणा मासो बघल्यान नाय, तर तुमी काय ओढतलास? पाणी?"

मी म्हटले, "आजी, आजोबांचे बरोबर आहे. पण बाकीच्या पाचांचे काय? ती घरे तर काहीच करीत नाहीत."

आजीने मग मला एकेक घर मोजून दाखवले. एका घरची बाई फाटलेले जाळे शिवते आणि त्याचे पैसे घेत नाही. एका घरच्या मांगरात होडीची वल्ही आणि दोर राहतात, त्याचे भाडे नाही. एका घरचा मुलगा आता बारा वर्षांचा आहे, आणखी सहा वर्षांनी तो दोर धरील. आणि शेवटी ती म्हणाली, "तुझो आजो गेलो तेव्हा तुझी आवस धा वर्षांची होती. तेव्हा अर्धो वाटो ह्या घरात येय होतो."

हे मला ठाऊक नव्हते. आईने कधी सांगितले नव्हते. ती शिकली, मॅट्रिक झाली, लग्न होऊन घाटावर आली आणि आज मी कॉलेजात आहे, या सगळ्याच्या मुळाशी त्या अर्ध्या वाट्याचाही थोडा भाग आहे. ज्याला मी खर्चातली चूक म्हणत होतो, तो त्या संघाचा विमा होता. त्याचा हप्ता म्हणजे दर वाट्यामागे ते ४१ रुपये. असा विमा कोणत्या कंपनीकडे ४१ रुपयांत मिळेल?

दुसऱ्या रात्री मात्र खरी चूक सापडली, आणि ती सापडल्याचा मला मुळीच आनंद झाला नाही. वहीतल्या पहिल्या पाच हंगामांत जाळ्याचा तिसरा हिस्सा दर वेळी बाजूला निघालेला होता. मग मासळी कमी होत गेली, तसा तो चौथा हिस्सा झाला. शेवटच्या दोन हंगामांत तर, ज्या दिवशी मासळी बरी मिळाली त्याच दिवशी तो निघाला होता. एरवी जाळ्याचा वाटाही माणसांतच वाटला गेला होता. आपण वर्गात घसारा शिकतो. यंत्र दर वर्षी थोडे थोडे झिजते, म्हणून तेवढी रक्कम नफ्यातून बाजूला ठेवावी, नाहीतर आपण नफा समजून भांडवलच खातो. रापणकारांना हा शब्द ठाऊक नाही, पण ती गोष्ट त्यांनी फार पूर्वीच बसवून ठेवली होती. 'जाळ्याचा वाटा' म्हणजेच घसारा. अडचणीच्या दिवसांत त्यांनी विधवांचा वाटा कापला नाही, जाळ्याचा कापला. माणसे जगली, जाळे विरले.

मासळी का कमी झाली?

याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. तारलीचे प्रमाण समुद्राच्या तापमानाप्रमाणे आपोआपही कमीजास्त होते. एखादी दोन वर्षे भरपूर तर पुढची काही वर्षे दुष्काळ, असे पूर्वीही होत असे. शिवाय रापणीची आस बारीक असते, तिच्यात लहान पिल्लेही येतात, हा आक्षेप खोटा नाही.

पण मोठे कारण समुद्रात आहे. पर्ससीन नावाचे जाळे यांत्रिक नौकेवरून थव्याभोवती गोल टाकतात आणि खालून दोर ओढून बटव्याची नाडी आवळावी तसे बंद करतात. थवाच्या थवा एकदम आत येतो. रापणकार किनाऱ्यावर ज्या मासळीची वाट पाहत असतो, ती वाटेतच संपते. त्यात रात्री प्रखर एल. ई. डी. दिवे लावून मासा गोळा करण्याची पद्धत आली. तिला केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली, तरी पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारी थांबल्या नाहीत.

हा झगडा नवा नाही. गोव्यात रापणकारांनी १९७० नंतरच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध मोठे आंदोलन केले. मॅथानी साल्ढाणा यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. पुढे १९८० साली गोव्यात आणि १९८१ साली महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन करणारे कायदे झाले. किनाऱ्याजवळचे पाणी लहान मच्छीमाराला मिळावे, असा त्यांचा एक हेतू आहे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये पर्ससीनवर आणखी निर्बंध घातले आणि २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करून दंड वाढवला. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, ती मासळीच्या विणीसाठी फार उपयोगाची आहे. कायदा कागदावर बरा आहे. पण समुद्रात कुंपण घालता येत नाही आणि गस्तीच्या नौका थोड्या.

आजोळी याविषयी बोलणे निघाले की "परराज्यातल्या बोटी" असा उल्लेख होतो. मलाही तसेच वाटत होते. सुट्टीनंतर मी ही हकीकत आपल्या कन्नड विभागातल्या एका मित्राला सांगितली. त्याचे घर होन्नावरच्या बाजूला आहे. तो हसला आणि म्हणाला, "आमच्याकडे तिला रंपणी म्हणतात. आमच्या अज्जांची होती." कर्नाटकच्या किनाऱ्यावर १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास पर्ससीन आले आणि पुढच्या थोड्याच वर्षांत तिथल्या रंपण्या जवळजवळ नाहीशा झाल्या. कर्नाटकाचा कायदा झाला तो १९८६ साली. त्याच्या अज्जांनी जाळ्याचे तुकडे करून वाटून घेतले. त्यांच्या वाट्याचा तुकडा अनेक वर्षे परसातल्या भाजीला कुंपण म्हणून लावलेला होता, असे तो सांगत होता. आपण बांगडा म्हणतो, ते बंगुडे म्हणतात. मासा एकच, जाळे एकच आणि दुःखही एकच. मराठी विभाग आणि कन्नड विभाग यांच्यामध्ये या अंकात जेवढी जागा आहे, तेवढीही आमच्या दोघांच्या आजोबांमध्ये नव्हती.

बैठक

बैठक देवळाच्या सभामंडपात भरली. मामांनी मला उभे केले आणि वही वाचायला सांगितले. वर्गात सेमिनार देतानाही माझे पाय इतके कापले नव्हते. मी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, थकलेल्यांचे आणि त्या सहा घरांचे वाटे संघाला बुडवीत नाहीत. दुसरी, जाळ्याचा वाटा खाल्ल्यामुळे संघ बुडतो आहे.

एक काका म्हणाले, "जाळ्याचो वाटो काढलो, तर मगे आमचो वाटो कमी येतलो."

ते खरेच होते. हिशेबात त्याला उत्तर नव्हते. मामा म्हणाले, "कमी येतलो. पण येत रवतलो."

बराच वेळ बोलणी झाली, आवाजही चढले. दोघे-तिघे विकण्याच्याच मताचे होते आणि त्यांच्यापाशी कारणे होती. एकाच्या मुलीचे शिक्षण चालू आहे, त्याला आज पैसे हवेत. शेवटी ठरले ते असे. संघ आणखी एक हंगाम चालवायचा. जाळ्याचा वाटा आधी काढायचा आणि बँकेत वेगळ्या खात्यात, दोघांच्या सहीने ठेवायचा. पूर्ण तिसरा हिस्सा झेपणार नाही, म्हणून सध्या पाचवा, पण मासळी कितीही कमी आली तरी तो सोडायचा नाही. माणसे कमी असतील त्या दिवशी शेजारच्या वाडीच्या संघाला हाक मारायची आणि त्यांच्या ओढीला आपण जायचे. गोव्यात कामाला असलेल्या मुलांना रविवारी येता येईल, म्हणून त्यांना शनिवारी रात्री मोबाईलवर कळवायचे. सहा अर्धे वाटे मात्र चर्चेलाच आले नाहीत. ते मोडावेत असे कोणाच्या मनातही नव्हते, माझ्याशिवाय.

हा हंगाम कसा जाईल हे मी सांगू शकत नाही. पर्ससीनचा प्रश्न आमच्या वहीने सुटणार नाही. त्याला कायद्याची अंमलबजावणीच लागेल आणि ती मागण्यासाठी संघ उभा असावा लागेल. फेब्रुवारीत मामांचा फोन आला होता. बांगडा बरा होता, तारली नव्हतीच. खात्यात एका तुकड्यापुरते पैसे जमले आहेत. रापण तुकड्यातुकड्यांनी शिवलेली असते, त्यामुळे ती तुकड्यातुकड्यांनी नवीही करता येते. विरलेल्यांपैकी एक तुकडा उतरवून तिथे नवा जोडायचा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत ये, शिवायला हात हवेत, असे मामांनी सांगितले आहे.

मी जाणार आहे. होन्नावरचा मित्रही येतो म्हणतो. त्याला आजोबांची रंपणी आठवत नाही, त्याने फक्त ते कुंपण पाहिले आहे. जाळे पाण्यात कसे जाते ते त्याला एकदा बघायचे आहे. येताना मासे आणलेस का, असे आता आम्हा दोघांनाही विचारायला हरकत नाही. फक्त पैसे देताना त्यात जाळ्याचा वाटा धरलेला आहे की नाही, एवढे आम्हाला विचारा.